फेअरबँक्स यांचे चरित्र काट्यापासून सांगा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दानशूर कारखानदारांवर जी माला सुरू आहे, तिच्यात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे एरॅस्टस फेअरबँक्स यांच्यावरचा मजकूर वाचला. कारखानदार, राज्यपाल आणि दानशूर अशी तीन विशेषणे लावून लेख संपतो. त्यांच्या कारखान्यात काय बनत होते, ते फक्त एका वाक्यात येते. आम्ही सगळे वजनकाट्यांच्या कामात आयुष्य घालवलेले लोक असल्यामुळे ते एक वाक्य आम्हाला फार अपुरे वाटले. शिवाय लेखात तीन माणसांची गल्लत झाली आहे. ती आधी दुरुस्त करतो आणि मग काट्याकडे वळतो, कारण या माणसाची ओळख काट्यातूनच होते.

फेअरबँक्स घराण्यातून व्हरमाँटचे दोन गव्हर्नर झाले. वडील एरॅस्टस १८५२-५३ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ मध्ये, तर मुलगा होरेस १८७६ ते १८७८. लेखात ज्या वाचनालयाचे आणि चित्रदालनाचे श्रेय एरॅस्टस यांना दिले आहे, ते होरेस यांनी उभारले, आणि तेही वडील वारल्यानंतर ७ वर्षांनी. प्लॅटफॉर्म काट्याचा, म्हणजे गाडी वर उभी करून तोलायच्या काट्याचा, शोध या दोघांपैकी कोणाचाच नाही. तो एरॅस्टस यांचे धाकटे भाऊ थॅडियस यांचा. तिसरी गोष्ट ‘राज्यपाल’ या शब्दाची. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर मते मागून निवडून येतो आणि कारभार स्वतः चालवतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. त्या काळी व्हरमाँटमध्ये गव्हर्नरची मुदत जेमतेम एका वर्षाची असे, दरवर्षी निवडणूक. एरॅस्टस यांच्या दोन कारकिर्दी इतक्या छोट्या का दिसतात, हे यावरून कळेल.

एरॅस्टस यांचा जन्म १७९२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा. तरुणपणी ते व्हरमाँटच्या सेंट जॉन्सबरी गावी मामांकडे वकिली शिकायला आले. डोळ्यांच्या दुखण्याने वाचन जमेना, तेव्हा कायद्याची पुस्तके मिटली. मग शाळामास्तरकी केली आणि पुढे बरीच वर्षे आसपासच्या खेड्यांत दुकानदारी. थॅडियस यांचा जन्म १७९६ चा. त्यांचा हात यंत्राचा. त्यांनी १८२३ मध्ये छोटा ओतकारखाना घातला आणि १८२४ मध्ये दोघा भावांनी ‘ई. अँड टी. फेअरबँक्स’ या नावाने भागीदारी केली. माल म्हणजे बिडाचे नांगर आणि शेगड्या. किर्लोस्करांचा नांगर आठवणाऱ्या मराठी वाचकाला ही सुरुवात ओळखीची वाटेल.

१८३० च्या सुमारास त्या भागात हेम्पची लागवड जोरात होती. हेम्प म्हणजे भांगेच्या कुळातले, दोर आणि किंतान करण्याच्या धाग्याचे पीक. ते स्वच्छ करण्याचे यंत्र थॅडियस यांनी केले होते आणि सेंट जॉन्सबरीच्या हेम्प कंपनीचे कामही तेच पाहत. शेतकरी गाड्या भरून माल आणत, भाव टनावर ठरलेला. प्रश्न एवढाच की भरलेली गाडी तोलायची कशी? रूढ पद्धत अशी होती: उंच चौकटीला एक प्रचंड दांडीकाटा टांगायचा, गाडीला साखळ्या अडकवायच्या, गाडी अख्खी जमिनीवरून उचलायची आणि दांडीवरचे वजन मागेपुढे सरकवत दांडी आडवी आली की आकडा वाचायचा. यात तासन्‌तास जात. साखळी सुटण्याची भीती वेगळीच. आणि गाडी लोंबकळत असताना दांडी स्थिर कुठे राहणार? त्यामुळे आकड्यावरून वाद ठरलेला. बरेचदा मग डोळ्यांनी अंदाज करूनच सौदा होई, आणि अंदाजात मार खातो तो विकणारा.

थॅडियस यांनी गाडी उचलायचा विचारच सोडला. त्यांनी जमिनीत खड्डा घेतला आणि खड्ड्यावर जमिनीच्या पातळीला फळी बसवली, म्हणजे गाडी नुसती चालवत आणून उभी करायची. फळीखाली इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या दोन तरफा समोरासमोर ठेवल्या. प्रत्येक तरफेचे दोन पाय खड्ड्याच्या कडेला टेकलेले, टोके मध्यावर एकत्र येणारी. त्या टोकांचा ओढा सळईने वर दांडीकाट्याकडे नेला. या रचनेचे पेटंट त्यांना जून १८३१ मध्ये मिळाले. साखर कारखान्याच्या गेटवर, बाजार समितीत, रेल्वेच्या मालधक्क्यावर जो यांत्रिक काटा आपण पाहिला, त्याचा मूळ घाट हाच.

आता हे चालते कसे, ते आकड्यांनी सांगतो. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. खालच्या तरफेत टेकूपासून भार पडण्याची जागा १० सेंटीमीटरवर आहे आणि टोकाला ओढ बसण्याची जागा १०० सेंटीमीटरवर. म्हणजे १० किलोचा भार टोकाशी १ किलो होऊन पोचतो. मधे आणखी एक तरफ धरली तर ती तो ५ पटीने कमी करते, वरची दांडी १० पटीने. एकूण पट १० गुणिले ५ गुणिले १०, म्हणजे ५००. आता ५ टनांची गाडी १० किलोच्या वजनाने तोलली जाते. दांडीवर खाचा पाडलेल्या असतात, त्यावरून सरकते वजन पुढे न्यायचे, दांडी मध्यावर तरंगली की खाच वाचायची. ५ टन उचलायला नकोत, बैल सोडायला नकोत, एका माणसाच्या हाताने काम होते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी. गाडी फळीवर पुढे उभी केली, मागे केली, तिरकी केली, तरी आकडा तोच यायला हवा. तो येतो, कारण फळी चार कोपऱ्यांवर टेकलेली असते आणि चारही कोपऱ्यांची पट एकच असते. समजा पुढच्या दोन कोपऱ्यांवर ३,५०० किलो आले आणि मागच्या दोनांवर १,५००. दहाच्या पटीने त्यांचे ३५० आणि १५० झाले, बेरीज ५००. गाडी मागे सरकवल्यावर २,००० आणि ३,००० झाले, तर २०० आणि ३००, पुन्हा ५००. म्हणजे तोलणाऱ्याने गाडी कुठे उभी करायला लावली यावर काही अवलंबून राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या काट्याची सगळ्यात मोठी देणगी हीच, आणि तिच्याबद्दल आपल्या लेखात अक्षर नाही.

पण ती देणगी ज्याच्यावर उभी आहे, ती वस्तू बोटभर असते. तरफ टेकूवर सरळ बसवलेली नसते. पोलादाचा तिकोनी तुकडा तरफेत ठोकून बसवतात, त्याची धार खाली करून ती कडक पोलादाच्या बैठकीवर टेकवतात. आम्ही तिला नुसते धार म्हणतो. धार आणि बैठक यांचा स्पर्श केसाइतक्या रेषेवर असतो, म्हणून घर्षण जवळजवळ नाही आणि म्हणूनच ५ टनांच्या गाडीवर कोणी गोणी ठेवली तरी दांडी हलते. कारखान्यात सगळ्यात जपून करायचे काम म्हणजे या धारा बसवणे. तीन धारा एकमेकींना समांतर हव्यात आणि त्यांच्यातले अंतर बरोबर हवे. भाराचे अंतर १०० मिलिमीटर असताना धार एक मिलिमीटर सरकली, तर त्या कोपऱ्याची पट १ टक्क्याने चुकते. त्या कोपऱ्यावर १,२५० किलो असतील तर साडेबारा किलोंचा फरक पडेल. गाडीचे मागचे चाक नेमके तिथे आले आणि २,००० किलो पडले तर २० किलोंचा. बाकीचे तीन कोपरे बरोबर असल्यामुळे मधे उभी केलेली गाडी तपासताना हा दोष नजरेआड होऊ शकतो. तो शोधायचा तर तेच वजन चारही कोपऱ्यांवर फिरवून पाहावे लागते.

धार झिजून बोथट झाली की काटा जड होतो, म्हणजे दांडी आळसावते. थोडे वजन वाढवले तर ती जागची हलत नाही, मग एकदम उडी मारते. खड्ड्यात पाणी साचले की धारांना गंज चढतो. फळी आणि खड्ड्याची कड यांच्यात बोटभर फट सुटलेली असते, तिच्यात खडे, माती, पाचट अडकले की भाराचा काही भाग थेट कडेवर जातो आणि वजन कमी येते. फळीवर चिखल साठला आणि रिकाम्या काट्याची दांडी पुन्हा मध्यावर आणली नाही, तर भरलेल्या गाडीत तो चिखलही मोजला जातो. फळी पुढेमागे झुलू नये म्हणून लावलेल्या सळया फार आवळल्या की त्या स्वतःच भार ओढून घेतात. यातले एकही दुखणे नवे नाही, १८३१ च्या काट्यालाही हीच दुखणी होती. काटा विकून मोकळे होता येत नाही, तो बसवून द्यावा लागतो, तपासून द्यावा लागतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्याकडे माणूस पाठवावा लागतो.

इथे एरॅस्टस यांचे काम सुरू होते. थॅडियस यांनी काटा केला, पण तो दूरदूरच्या गावांत उभा राहिला तो एरॅस्टस यांच्या पत्रव्यवहारामुळे, अडत्यांमुळे आणि उधारीच्या व्यवस्थेमुळे. वजनाच्या धंद्यात गिऱ्हाईक दोन असतात, काटा विकत घेणारा आणि त्यावर माल घालणारा. दोघांचाही विश्वास बसला तरच काटा खपतो. तिसरे भाऊ जोसेफ वकील होते, तेही पुढे भागीदारीत आले. कारखाना स्लीपर्स नदीच्या पाण्यावर चालत असे. ओतीव लोखंडाचा जड माल डोंगराळ व्हरमाँटमधून गाड्यांनी बाहेर काढणे ही मोठी अडचण होती, म्हणून कनेक्टिकट अँड पासम्सिक रिव्हर्स या रेल्वेच्या उभारणीत एरॅस्टस यांनी पुढाकार घेतला, तिचे अध्यक्षपद सांभाळले, आणि १८५० मध्ये गाडी सेंट जॉन्सबरीला पोचली. इंग्लंडात काटे बनवण्याचा हक्क लिव्हरपूलच्या हेन्री पूली यांच्याकडे गेला आणि तिथल्या रेल्वेच्या मालधक्क्यांवर पूलीचे काटे दिसू लागले. पूलीची कंपनी पुढे एव्हरी कंपनीत सामील झाली. एव्हरी हे नाव आपल्या भुसार बाजारातल्या जुन्या अडत्यांना आणि मापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मराठी मुलखाशी या गोष्टीचा धागा जुळतो तो इथे. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर ऑस्ट्रियाच्या सम्राटाने थॅडियस यांना फ्रान्सिस जोसेफ यांच्या नावाचा सन्मान दिला. सन्मान शोध लावणाऱ्याला मिळाला, हे आम्हाला विशेष बरे वाटते.

नावावरून होणारी आणखी एक गल्लत नगरकडच्या वाचकांनी टाळावी. वडाळ्याला राहून काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युअल बेकन फेअरबँक हे वेगळे गृहस्थ. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘स’ नाही आणि काट्याच्या कारखान्याशी त्यांचा संबंध नाही.

आता गव्हर्नरपद. एरॅस्टस १८३६ मध्ये विधिमंडळात निवडून आले. १८५२ मध्ये व्हिग पक्षाकडून ते गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी दारूविक्रीला बंदी करणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. ते स्वतः दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. कायदा पुढे जनतेच्या मतालाही टाकला गेला आणि निसटत्या बहुमताने टिकला. त्याची किंमत त्यांना पुढच्याच निवडणुकीत मोजावी लागली. व्हरमाँटचा नियम असा होता की निम्म्याहून जास्त मते मिळाली तरच उमेदवार थेट निवडून येतो, नाहीतर विधिमंडळ निवड करते. १८५३ मध्ये सर्वांत जास्त मते एरॅस्टस यांनाच होती, पण तिसऱ्या पक्षामुळे निम्मा आकडा गाठता आला नाही. विधिमंडळाने डेमोक्रॅट जॉन रॉबिन्सन यांना निवडले. त्यांच्यानंतर व्हरमाँटमध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर थेट १९६३ मध्ये आला, यावरून तो निकाल किती अवचित होता ते कळते. आपल्या लेखात ‘एक वर्षानंतर त्यांनी पद सोडले’ असे आहे. त्यांनी पद सोडले नाही, तत्त्वासाठी सही केली आणि पद गमावले. चरित्रात हा फरक लहान नाही.

१८६० मध्ये ते रिपब्लिकन पक्षाकडून पुन्हा निवडून आले आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. लिंकन यांनी १५ एप्रिलला फौज मागितली. एरॅस्टस यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले, ते २३ एप्रिलला भरले आणि त्याने युद्धासाठी १० लाख डॉलर मंजूर केले. १८६० च्या शिरगणतीत व्हरमाँटची लोकसंख्या ३,१५,०९८ होती, म्हणजे माणशी ३ डॉलरहून जास्त. तेव्हा साध्या शिपायाचा सरकारी पगार महिना ११ डॉलर होता. व्हरमाँटने स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येक शिपायाला महिना ७ डॉलर जास्तीचे ठरवले. घरातला कमावता मुलगा रणात गेला की शेत कोण करणार, घर कोण चालवणार, हा हिशेब त्या ७ डॉलरमागे होता.

राज्याकडे तेव्हा शिबंदी नावालाच होती. कपडे, बूट, घोंगड्या, तंबू, बंदुका यांतले काहीच पुरेसे नव्हते. पहिली पलटण तीन महिन्यांच्या बोलीवर रटलंडला जमली आणि २ मे रोजी सरकारी सेवेत दाखल झाली, १० तुकड्या, सुमारे ७८० माणसे. करडे कपडे आणि टोपीला सदाहरित झाडाची डहाळी, अशी ती निघाली. दुसरी पलटण जूनमध्ये बर्लिंग्टनला उभी राहिली. तिसरी १६ जुलैला थेट सेंट जॉन्सबरीत, जिथे काटे ओतले जात त्याच गावात. सप्टेंबरमध्ये चौथी ब्रॅटलबरोला आणि पाचवी सेंट ऑल्बन्सला. ऑक्टोबरात एरॅस्टस यांची गव्हर्नरपदाची मुदत संपली तेव्हा सहावी जमत होती. ज्याने ३० वर्षे ओतीव माल, मजुरी, रेल्वेभाडे आणि उधारी यांचा हिशेब सांभाळला, त्याच्या हाती हे काम पडले, हे व्हरमाँटचे भाग्य म्हणायचे. सैन्य उभे करण्यात निम्मे काम पुरवठ्याचे असते, आणि पुरवठा म्हणजे वजन, नग आणि तारखा. २० नोव्हेंबर १८६४ ला एरॅस्टस वारले. युद्ध तेव्हा संपलेले नव्हते.

दानाबद्दल. सेंट जॉन्सबरी अकॅडमी ही शाळा १८४२ मध्ये तिघा भावांनी मिळून काढली. काट्याच्या पेटंटला त्या वेळी ११ वर्षे झाली होती. पैसा मुरल्यावर उतारवयात केलेले हे दान नव्हते, धंदा वाढत असतानाच गावाच्या शाळेचा वाटा त्यांनी बाजूला काढला. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले कॅल्व्हिन कूलिज काही महिने या शाळेत होते. शाळा आजही चालू आहे. याशिवाय चर्चच्या धर्मप्रसार संस्थांना एरॅस्टस यांनी आयुष्यभर हात दिला.

होरेस यांनी १८७१ मध्ये गावाला सेंट जॉन्सबरी अथेनियम हे वाचनालय दिले. त्यासाठी ग्रंथपाल विल्यम पूल यांच्याकडून हजारो ग्रंथ निवडून घेतले. १८७३ मध्ये त्याला चित्रदालन जोडले. दालनाच्या मागच्या भिंतीवर अल्बर्ट बीअरस्टाट यांचे योसेमिटी खोऱ्यातल्या घुमटाकार डोंगरांचे चित्र आहे, सुमारे १० फूट उंच आणि १५ फूट रुंद. मूळ मालकाने ते २५,००० डॉलरला करवून घेतले होते. त्याच्या पश्चात लिलाव झाला, तेव्हा होरेस यांनी ५,१०० डॉलरला घेतले. दालनाच्या छतातून उजेड येतो तो थेट चित्रावर पडतो. समोर उभे राहिले की भिंत संपते आणि खोरे सुरू होते. छोट्याशा गावात, फुकट पाहायला मिळेल असे हे चित्र त्यांनी ठेवले. एरॅस्टस यांचे दुसरे चिरंजीव फ्रँकलिन यांनी निसर्गवस्तूंचे संग्रहालय दिले, त्याचे उद्घाटन १८९१ चे. आपल्या लेखातले ‘वाचनालय, चित्रदालन आणि संग्रहालय’ म्हणजे दोन मुलांची ही दोन दाने. त्यांची जागा मुलांच्या नावाखालीच हवी.

संपादक महोदय, हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्याकडे गाळपाचा हंगाम आला की दरवर्षी काट्यावरून बोलणे निघते. ‘काटा मारला’ हे शब्द वर्तमानपत्रात येतात, पण काटा तपासायचा कसा हे कोणी छापत नाही. आता खड्ड्यातल्या तरफा जाऊन लोडसेल आले. लोडसेल म्हणजे भाराने किंचित दबणारा पोलादाचा ठोकळा, त्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युत रोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो. तरफा गेल्या, पण थॅडियस यांचा नियम तसाच आहे: गाडी कुठेही उभी करा, आकडा एकच आला पाहिजे. पूर्वी धारा जुळवून चारही कोपरे सारखे करत, आता लोडसेलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या जोडपेटीतले बारीक स्क्रू फिरवून करतात. म्हणून त्या पेटीला सील असते. सील तुटलेले असेल तर काटा तपासणीनंतर कोणीतरी उघडला आहे, एवढे निश्चित.

शेतकऱ्याला हत्याराविना करता येण्यासारखी तपासणी अशी. गाडी चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे का ते पाहा. नसेल तर शून्य करायला सांगा. गाडीची सगळी चाके फळीवर असली पाहिजेत, ट्रॉलीचे मागचे चाक उतारावर राहिले तर तेवढा भार मोजलाच जात नाही. इंजिन बंद करा, गाडी डोलायची थांबू द्या. चालक पहिल्या वजनाला आत बसला असेल तर रिकाम्या वजनालाही बसला पाहिजे, बाहेर असेल तर दोन्ही वेळा बाहेर. भरलेले वजन आणि धडा, म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन, एकाच काट्यावर घ्या. शंका आली तर गाडी फळीच्या एका टोकाला, मग मध्यावर, मग दुसऱ्या टोकाला उभी करून तीन आकडे लिहून घ्या. १० किलोच्या भागाचा, म्हणजे आकडा दहादहा किलोंनी बदलणारा, काटा असेल तर तिन्ही आकडे एकदोन भागांच्या आत जुळले पाहिजेत. ५०-१०० किलोंची तफावत दिसली तर एखादा कोपरा किंवा लोडसेल बिघडलेला आहे, किंवा फळी कुठेतरी अडते आहे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, वीज पडून गेलेला लोडसेल आणि खड्ड्यातले पाणी ही पावसाळ्यानंतरची ठरलेली कारणे, हंगामाच्या तोंडावर ती आधी बघावीत. तिन्ही आकडे जुळले म्हणून काटा बरोबर असेलच असे मात्र नाही. सगळेच कोपरे सारख्याच प्रमाणात कमी दाखवत असतील, तर ते फक्त प्रमाणित वजने ठेवूनच उघडकीला येते.

कायद्याने अशा काट्याची दर १२ महिन्यांनी वैधमापन विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन व्हावे लागते. १० किलोच्या भागाच्या काट्यावर २० टनांना मुद्रांकनाच्या वेळी १० किलोंपर्यंतची चूक चालते, वापरात असताना त्याच्या दुप्पट. त्यापलीकडे तक्रार करण्याचा हक्क आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र काट्याच्या जागी दिसेल असे लावलेले असते. त्यावरची तारीख वाचायला अर्धा मिनिट लागतो.

आमची विनंती दोन गोष्टींची आहे. लेखातल्या चुका दुरुस्त करताना एरॅस्टस, थॅडियस आणि होरेस ही तिन्ही नावे वेगवेगळी छापावीत. आणि जमल्यास त्याच पानावर १८३१ च्या काट्याची आकृती द्यावी: खड्डा, फळी, समोरासमोरच्या दोन तरफा, चार धारा, मधली सळई आणि वरची दांडी. आकृती काढून द्यायला आम्ही तयार आहोत. माप एका स्तंभाच्या रुंदीचे पुरेल, फक्त धारांच्या जागा छपाईत पुसट होऊ देऊ नयेत.

आपले,
वजनकाटे जोडणी-दुरुस्तीतले काही कारागीर आणि निवृत्त मापन कर्मचारी,
कोल्हापूर